काखेतलं पेन

उणे चौतीसला बॉलपेनातली शाई गोठते.
ओरिसियाला हे पहिल्याच दारात कळलं.
तेव्हापासून ती दोन पेनं बाळगते,
एक हातात, एक काखेत,
दर तिसऱ्या घराला अदलाबदल.
मी गाडी चालवतो. इंजिन बंद करत नाही;
डनलॉकमध्ये बंद पडलेलं इंजिन
मार्चपर्यंत कुणाचं ऐकत नाही.

पेन्सिल का नको, मी विचारलं.
ओटावाला चालत नाही, ती म्हणाली,
खोडता येते म्हणून.
मग बराच वेळ स्वतःशीच हसत राहिली.

प्रकरण तसं एवढंसं.
एल्मर रेंपेल गॅरेजात चार पानी पत्रक छापतो.
छापायचा.
गव्हाचे भाव, कर्लिंगचे निकाल, कोण गेलं, कोण जन्मलं,
आणि शेवटच्या पानावर त्याची स्वतःची मळमळ.
एकदा तिथे त्याने नदीपलीकडच्या वस्तीबद्दल लिहिलं.
मी वाचलं आणि त्याच पानात मासे गुंडाळले.
वाईट होतं. मनानेही, व्याकरणानेही.

मग मानवी हक्क आयोगाचं पाकीट आलं.
तक्रारदार रिजायनाचा कुणी,
नदीच्या या काठाला नाही, त्या काठालाही नाही.
पत्राची भाषा मऊ, धुतलेल्या लोकरीसारखी:
लिहिलेलं खरं की खोटं, हा प्रश्न इथे उद्भवत नाही.
तक्रारदाराचा खर्च आयोगाकडे.
आपला आपल्याकडे.
एल्मरने वकिलासाठी ओढ्याकडचं शेत विकलं,
मग छपाईयंत्रावर ताडपत्री टाकली.
तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच;
फक्त मारणाऱ्याच्या हातात लोकरी मोजे,
आणि मध्ये मध्ये तोच विचारतो, लागलं का?

ओरिसिया आणि एल्मर
बावीस वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. कुंपणावरून.
मग कशाला फिरतेस त्याच्यासाठी?
भांडण माझं आहे, ती म्हणाली,
सरकारने येऊन ते संपवायचं काय कारण?

पशुवैद्याने सही केली,
नाव जरा गिचमिड काढलं.
शाळेतल्या बाईंनी पडदा सरकवला, परत सरकवला.
एका म्हाताऱ्याने तीनदा सही केली, कारण त्याला आम्ही आवडलो.

शेवटी नदी. बर्फावरूनच गेलो.
थेरेस गोड्रीने आत घेतलं, चहा ठेवला,
पेन शेगडीजवळ ठेवलं, न सांगता.
अर्ज दोनदा वाचला.

"माझ्या ल्योनेलबद्दल होतं ते.
नाव नव्हतं, पण कळायचं त्यांना कळलं.
रिजायनाचा तो माणूस मला कधी भेटला नाही.
मी उत्तर लिहिलं होतं. सहा पानं.
नेऊन द्यायला गेले तर गॅरेजला कुलूप."

फ्रिजवरच्या चुंबकाखालून तिने ती काढली.
निळी शाई, दोन्ही बाजूंनी,
खोडलेलं काहीच नाही.
ओरिसियाने वाचायला मागितली नाहीत, मीही नाही.
शेगडीवर किटली तेवढी बोलत होती.

सही केली नाही तिने.
"त्या माणसासाठी मी बोटसुद्धा उचलणार नाही," म्हणाली,
आणि आमचे बूट दारापाशी सरळ करून ठेवले.

परतताना नऊ सह्या. एक अर्धीच, शाई मध्येच गेलेली.
धान्याच्या कोठारापर्यंत ओरिसिया गप्प.
मग:
एल्मरला फोन कर. तू कर,
मी त्याच्याशी बोलत नाही.

काय सांगू?

काखेतलं पेन काढून तिने त्यावर फुंकर घातली.

सांगू नकोस काही. विचार त्याला,
चार पानी पत्रकात
सहा पानं बसतील का.